ईजीआर व्हॉल्व्ह आणि माझे सासरे

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं आयुष्यात एकाच बाबतीत एकमत झालं, ते म्हणजे समोरच्याला गाडीतलं काडीचं कळत नाही. ते एसटीचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी बिनअपघाताची काढली, हे ते स्वतःच सांगतात आणि ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगतात. मी नर्स. वेरूळच्या पुढं एका गावात आरोग्य उपकेंद्रात आहे आणि सिडकोतून रोज अपडाऊन करते. नवरा गेल्यावर गाडी शिकायची ठरवली, तेव्हा आधी सासऱ्यांनाच म्हटलं, शिकवा. म्हणाले, "बाईमाणसानं मागं बसावं." मग मी क्लास लावला, लायसन काढलं आणि ते त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. त्यांनी उचलून बघितलंसुद्धा नाही. तेव्हा त्यांना चांगलं दिसत होतं.

आता दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस उभा आहे की कपाट एवढं कळतं, बस. पण तोंडाला काही झालेलं नाही. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणते, त्यात माया वगैरे काही नाही. मुलगी लग्न होऊन नाशकात गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. भाजीत मीठ कमी, पंखा जोरात, टीव्ही हळू, सगळ्यावरून वाजतं. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, तुमच्याकडं सकाळी रेडिओ चालू असतो का? म्हटलं, हो, जुनंच स्टेशन आहे.

गाडी डिझेलची, जुनी. मामांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली होती, पोराला हौस म्हणून. कागद त्यांच्याच नावावर. पोरगं गेलं आणि गाडी माझ्या हातात आली, हे मामांना आजतागायत पचलेलं नाही. पैठणला त्यांचा एक पुतण्या आहे. सणावाराला येतो, पाया पडतो, चहा पितो आणि जाताना गाडीभोवती एक चक्कर मारून टायरला लाथ मारून बघतो. मामा म्हणतात, "त्याला देऊन टाकावी. रक्तात ऱ्हाईल." मी काही त्यांच्या रक्ताची नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून झालं होतं, पुन्हा सांगायची गरज नव्हती.

गाडी गेली तर माझं काय होणार होतं, ते सांगते. माझ्या गावाला एसटी आहे, पण ती तिच्या मनानं येते. उपकेंद्राला लागून सिस्टरसाठी खोली आहे, तिचं छत गळतं आणि पावसाळ्यात आत बेडूक असतात. नाही तर मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर, सरपंचाच्या भाच्याच्या नाही तर दूधवाल्याच्या, पर्स मांडीवर धरून मागं बसायचं. तसं मी पूर्वी केलंय. पुन्हा करणार नव्हते. ही एक गाडी सोडली तर माझ्या आयुष्यात पुढची सीट मला कुणी दिलेली नव्हती.

सोमवारी मामा माझ्याबरोबर येतात. घृष्णेश्वराला. मी त्यांना देवळापाशी सोडते, ते दर्शन घेऊन झाडाखाली त्यांच्यासारख्याच दोघातिघा म्हाताऱ्यांत बसतात, येताना मी उचलून आणते. जाता-येता डाव्या सीटवर बसून गाडी तेच चालवतात, नुसती तोंडानं. "दुसरा टाक. आता तिसरा. ब्रेक कामून मारला?" समोर म्हैस आली म्हणून मारला, असं म्हटलं की म्हणतात, "हॉर्न कशाला दिलाय मग?"

तर अशाच एका सोमवारी दौलताबादच्या घाटात गाडीनं मान टाकली. पाय पूर्ण दाबला तरी ओढेना. मागं काळा धूर, असा की आरशात रस्ताच दिसेना. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. मी फर्स्टमध्ये कशीबशी कडेला घेतली.

"क्लच जाळला," मामा म्हणाले.

"क्लचचा वास वेगळा असतो."

"मला वास शिकवती का? मी घाटात लोखंड चढवलंय, साठ माणसं भरून."

"मग आता उतरा आणि ढकला, लई अनुभव आहे तर."

ते उतरले नाहीत. मी गाडी गार होऊ दिली आणि रडत-रखडत चढवली. वर खुलताबादला पोचल्यावर त्यांनी निकाल दिला. "पुढच्या सोमवारी ही मला घेऊन एका दमात चढली तर चढली. नाय तर मी पुतण्याला फोन लावतो. गाडी माझी हाय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण कागद त्यांच्या नावावर, काय बोलणार?

आमचा मेकॅनिक स्टेशन रोडला आहे. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक कामातून सुटायची पहिली वाट त्याला तोंडपाठ असते. बॉनेट उघडून, टॉर्च मारून, दोन पाइप काढून तो म्हणाला, "ईजीआर व्हॉल्व्ह गया मॅडम. चोक है पूरा." आणि मग समजावून सांगितलं. इंजिनातून जो जळका धूर बाहेर जातो, त्यातला थोडा परत इंजिनातच सोडतात, प्रदूषण कमी व्हावं म्हणून. त्या धुराच्या वाटेवरचं दार म्हणजे हा व्हॉल्व्ह. ते वेळेवर उघडायचं, वेळेवर मिटायचं. आमचं उघडंच अडकलं होतं, त्यामुळं गाडीला हवेऐवजी स्वतःचाच धूर मिळत होता. मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या घरासारखंच.

"साफ करून होईल?"

त्यानं सोडवून दाखवला. मुठीएवढं लोखंड, आतून तव्याच्या बुडासारखं काजळीनं भरलेलं. स्प्रे मारला, खरवडलं, पण आतली दांडी हलायला तयार नाही. "नक्को मॅडम, ये मर गया. कायकू नया लेते? पत्री मारके देता ना मैं. रास्ता बंद, टेन्शन बंद."

पत्री मारणं म्हणजे डब्याचा पत्रा कापून त्या धुराच्या वाटेवर कायमचा बसवायचा. आपल्याकडं जुन्या डिझेल गाडीवर सगळे हेच करतात, आणि मामांनीही घरी गेल्या-गेल्या हेच सांगितलं. "एसटीला कुठं होता व्हॉल्व्ह? पत्रा ठोक आणि मोकळी हो." मी म्हटलं, मी उपकेंद्राच्या अंगणात गाडी लावते, तिथं पोलिओला आलेली तान्ही पोरं असतात, त्यांच्या तोंडावर धूर सोडायला मी एसटी नाही. शिवाय मेकॅनिकनंच सांगितलं होतं की पत्र्यानं कधी कधी इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी आपणहून जोर कमी करते. घाटात दिवा लागला की मामा फोन काढणार. त्यांना तेच तर पाहिजे होतं. मी ठरवलं, नवा व्हॉल्व्ह बसवायचा आणि खरा बसवायचा.

कंपनीच्या शोरूममध्ये विचारलं. तिथला टायवाला कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे झालं. मग गेले औरंगपुऱ्याच्या पुढच्या गल्लीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात. रिक्षावाल्यानं तोंडाशी सोडलं, आत दुचाक्यांमधून वाट काढत. काउंटरवर मालक आणि पुढं पाच-सहा पुरुष. माझ्यानंतर आलेल्या दोघांना माल देऊन झाला, तरी मी तिथं नाहीच. मी उपकेंद्रात ज्या आवाजात 'दंड मोकळा करा' म्हणते त्या आवाजात म्हटलं, "ईजीआर व्हॉल्व्ह पाहिजे." सगळे वळले.

"गाडी कोणाची आहे ताई?"

"माझी."

"साहेबांना पाठवून द्या ना. त्यांना बरोबर कळेल."

"साहेब वर गेलेत. फोन लागला तर तुम्हीच बोला."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग गाडीचं मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "पासिंग कधीचं?" आमच्याकडं गाडीचं वय पासिंगवरूनच सांगतात. कारखान्यातून कधी निघाली ते कोण विचारतो? आरटीओत ज्या वर्षी नंबर पडला, ते तिचं वर्ष. मी सांगितलं, त्यानं डबा काढला, मी पैसे दिले आणि आले.

मेकॅनिकनं डबा उघडला आणि हसायला लागला. नव्या व्हॉल्व्हला डोक्यावर वायरचं सॉकेट होतं. आमच्या जुन्याला वायरच नाही. त्याला एक बारकी नळी, तिला रबरी पाइप लागतो, आणि इंजिन त्या पाइपातून हवा ओढतं तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो. "ये तो बाद का माल है मॅडम. आपकी गाडी पासिंग के पहलेकी बनी है. किसीने मुहूर्त के वास्ते रोकी होंगी."

घरी आले. मामा जेवत होते. मी उभ्या-उभ्याच विचारलं, गाडी पहिल्या मालकानं कधी घेतली होती?

"पाडव्याला काढली. त्याच्या आधी लई दिवस गोडाऊनमधी उभी होती. आदल्या सालचा माल. म्हणून तर मला सस्तात भेटली."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"घेतली कोणी?"

"मग आजवर सगळ्यांना एक वर्ष नवी म्हणून कशाला सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"आणि मी काल व्हॉल्व्ह आणायला निघाले, तेव्हा तुम्ही इथंच बसला होता ना? मला सांगायला काय झालं होतं?"

मामांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, नीट भिजवला. "तू इचारलं का?"

त्या क्षणी ते ताट उचलून मोरीत टाकावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. टाकलं नाही, कारण घासायचं मलाच होतं.

गाडी गॅरेजलाच होती. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातून एसटीनं परत येताना तिकडं गेले, तर मेकॅनिकनं तोवर जुन्या बाजारातून एक वापरलेला व्हॉल्व्ह आणून ठेवला होता. भंगारातल्या गाडीचा, पण आमच्याच जातीचा, नळीवाला. "देखो, चालू माल," म्हणत त्यानं नळीला तोंड लावलं आणि हवा ओढली. आतून टक आवाज झाला. दार उचललं. त्याचे ओठ काळे झाले.

"अहो, तोंड काय लावता!" मी ओरडले. "काय काय असेल त्याच्यात!"

खांद्याला माझी कामाची पिशवी होतीच. त्यातली पन्नास सीसीची सिरिंज काढली, सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा कापला, एक टोक सिरिंजला, एक व्हॉल्व्हच्या नळीला. दट्ट्या मागं ओढला. टक. दार उचललं. मी दट्ट्या तसाच ओढून धरला. आणि काय, दार हळूहळू आपलं आपण खाली बसायला लागलं. आतला रबरी पडदा फाटलेला. हवा धरून ठेवत नव्हता. तोंडानं ओढताना हे कळणार नाही, कारण माणूस एकदा ओढतो आणि खूश होतो. मेकॅनिक म्हणाला, "थोडा चलता है, मॅडम." मी म्हटलं, थोडा चालणारा माझ्या घरी एक बसलाय, दुसरा नको.

सिरिंज पिशवीत टाकली, जुना काळा व्हॉल्व्ह माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातला, नवा चुकीचा बगलेत, आणि पुन्हा औरंगपुरा.

मालकानं मला लांबूनच ओळखलं आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "इलेक्ट्रिकचा माल तर बिलकुल नाही, ताई. पासिंग तुम्हीच सांगितलं होतं."

"मी सांगितलं. पण एवढ्या वर्षांच्या दुकानात तुम्ही विचारायचं नाही, की वायरवाला का नळीवाला? मी पेशंटला नुसतं वय विचारून इंजेक्शन दिलं तर चालेल तुम्हाला?"

"आम्ही काय डॉक्टर आहे का?"

"मीही नाही. तरी विचारते."

आणि डबा उघडून तो काजळीचा गोळा त्याच्या काचेच्या काउंटरवर ठेवला. काचेखाली लक्ष्मीचा फोटो, त्याच्यावरच काळी भुकटी सांडली. तो "अरे अरे अरे" करत फडकं शोधायला लागला. मी म्हटलं, असा पाहिजे. असाच. नाही मिळाला तर मी इथंच स्टूल घेऊन बसते, आज माझी ड्यूटी झालेली आहे. मागं उभा असलेला एक दाढीवाला म्हातारा गिऱ्हाईक खाकरला आणि म्हणाला, "दे दो मियाँ, बदलके दे दो. आपा उठनेवाली नहीं." देव त्याचं भलं करो. त्या आठवड्यात माझ्या बाजूनं बोललेला तो एकटाच माणूस.

मालकानं तोंड वाकडं करून माळ्यावरून दोन डबे काढले. एक चकचकीत, होलोग्रामवाला. "हा ओरिजिनल." दुसरा साधा, पुठ्ठ्याचा, कुठल्या तरी बारक्या कारखान्याचा. "हा लोकल. गॅरंटी नाही."

मी सिरिंज काढली. कुणीतरी बारीक आवाजात "आता इंजेक्शन देते का काय" म्हणालं, आणि मी तिकडं बघितल्यावर गप्प बसलं. चकचकीत ओरिजिनलला नळी लावली, ओढलं. टक, उचललं. धरून ठेवलं. बसलं खाली! भंगारातल्यापेक्षा लवकर बसलं. मालक म्हणाला, तुमची नळी ढिली आहे. मी नळी ओली करून घट्ट बसवली, पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. मग लोकल घेतला. उचलला. मालकासाठी चहा आला होता, मी म्हटलं, तुम्ही चहा प्या. त्यानं फुंकर मारत-मारत कप संपवला, तरी दार उचललेलंच. दट्ट्या सोडला, टक, मिटलं. असं चार वेळा केलं. मग जुन्यावर ठेवून बोल्टची भोकं जुळवली, नळीची दिशा बघितली. जुळली.

"हाच द्या. आणि खाली बसवायची गॅस्केटची नवी चकती."

"ओरिजिनल सोडून लोकल नेताय, नंतर बोलू नका."

"बोलायला मी पुन्हा येईन, काळजी करू नका."

रविवारी व्हॉल्व्ह बसवायला गॅरेजला गेले आणि बरं झालं गेले. बाकावर नव्या व्हॉल्व्हशेजारी तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा तयार, भोकंसुद्धा पाडलेली. मी हातात घेतला. "हे काय?"

मेकॅनिक कान खाजवायला लागला. "चाचाका फोन आया था. बोले, मॅडमको जो बसवायचं ते बसवा, नीचे पत्री डाल दो, उनको क्या दिखता."

"उनको क्या दिखता!" डोळे गेलेला माणूस माझ्याबद्दल म्हणतो, तिला काय दिसतंय! मी तो पत्रा दुमडला, पुन्हा दुमडला आणि पायाखाली घालून सपाट केला. मग एक जुना टायर ओढून त्यावर बसले आणि शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत उठले नाही. घरी येऊन मामांना काही बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

सोमवार आला. मामांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, काठी घेतली. गाडीत बसताना म्हणाले, "पत्रा चांगला बसवला का त्यानं?" मी म्हटलं, "झकास." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पसरू दिलं.

दौलताबादचा किल्ला मागं पडला, घाट सुरू झाला. मी तिसऱ्यात होते. मामा कान लावून बसले, मान थोडी तिरकी, हात गुडघ्यावर. पहिल्या वळणाला दुसरा टाकला, पाय दाबला आणि गाडीनं अशी ओढ घेतली की माझी मीच सीटला टेकले. आरशात बघितलं, धूर नाही. मागचा सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता, चढत येणारी एसटीसुद्धा. कुठं थांबली नाही, कुठं कण्हली नाही. एका दमात वर. मी मुद्दाम हॉर्न मारला.

"बाजूला घे," मामा म्हणाले.

घेतली. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील. नेहमीचंच वाकडं का असेना.

"झ्याक झाली. आता द्यायला हरकत नाय. पुतण्या देवळापाशी थांबलाय, गिऱ्हाईकासारखं नीट बघून घिऊन जाईल."

मला आधी कळलंच नाही. "तुम्ही तर म्हणाला होता, चढली तर..."

"चढली तर चढली, एवढंच म्हणलो व्हतो. ठिवीन म्हणलो का? धूर टाकणारी गाडी तो कामून घेईल? तोच म्हणला, आधी नीट करा, मग बोला. तू करून घेतलीस. बरं झालं."

म्हणजे आठवडाभर मी औरंगपुऱ्यात तोंड वाजवलं, एसटीत लोंबकळले, सिरिंज घेऊन परक्या माणसांत हसं करून घेतलं, ते पैठणच्या त्या टायरला लाथा मारणाऱ्यासाठी! डोक्यात सणक गेली. इंजिन बंद केलं, चावी काढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली.

"तुमची गाडी आहे ना? मग न्या खाली. चालवा."

मी हे एका आंधळ्या माणसाला म्हणाले, आणि मला ते बोचलं नाही. अजूनही बोचत नाही.

मामांनी मांडीवरची चावी चाचपून मुठीत घेतली, दार उघडलं आणि उतरले. काठी आतच राहिली. बॉनेटवर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून ते माझ्या बाजूला आले, दार उघडलं. "सरक."

मी उतरले. ते बसले. सीट मागं सरकवली, न चाचपता, पहिल्याच झटक्यात. मग हात वर गेला आणि त्यांनी आरसा नीट केला. त्यात त्यांना काय दिसणार होतं? पण त्यांनी तो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बरोबर लावला. चावी फिरवली. इंजिन लागलं, आवाज शिलाई मशीनसारखा एकसारखा. क्लच दाबला, पहिला टाकला. मी उघड्या दारातून हात घालून हँडब्रेक धरायच्या तयारीत उभी. त्यांनी हँडब्रेकला हात लावला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, घड्याळात दहा वाजून दहा होतात तसे, ड्रायव्हरला शिकवतात त्या जागी.

"म्होरं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"उतार," मी म्हणाले. "मोकळा रस्ता आहे. उजव्या हाताला दरी."

क्लचवरचा पाय त्यांनी उचलला नाही. खालून ती एसटी वर आली, आमच्या शेजारून घरघरत गेली, आणि मामांची मान तिच्या आवाजाबरोबर वळत गेली, पार तिचा आवाज उतरून जाईपर्यंत.

मग खिशातला फोन वाजला. पुतण्या. मामा फोन कानाला लावताना नेहमी स्पीकरचं बटण चुकून दाबतात, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. "काका, कुठवर आलात? मी पार्किंगपाशीच हाय."

"घाटात," मामा म्हणाले.

"चढली का?"

"नाय चढली."

"पण आवाज येतोय की इंजिनचा. चांगला वाटतोय."

"ती दुसऱ्याची हाय. शेजारी थांबलीय. आपली बंद पडली. भंगार हाय ती, दम नाय तिच्यात. तू जा माघारी, पैठणला. उगं ऊन खाऊ नको." आणि फोन कापला.

उभ्या आयुष्यात त्या गाडीला एक वर्ष जास्तीची नवी म्हणून सांगणारा माणूस हा. मी दारात उभी राहून बघतच राहिले. त्यांनी गिअर काढला, इंजिन बंद केलं, उतरले, आले तसे बॉनेटवरून हात फिरवत पलीकडं गेले आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. चावी तिथंच राहू दिली होती. मी बसले. सीट इतकी मागं गेली होती की पाय पुरेना, ती पुढं ओढली.

गप्प बसवेना. "कशाला थापा मारल्या त्याला? मला उपकार नकोत तुमचे."

"उपकार कोण करतंय तुझ्यावर? गाडी पैठणला गेली तर मला सोमवारी इथं कोण आणणार?"

"का? एसटीचा पास आहे ना तुमचा. जन्मभराचा. ऐकून कान किटले माझे."

मामांनी काठी चाचपून दोन्ही पायांच्या मधे नीट उभी केली. "एसटीत मला मागं बसवतात," ते म्हणाले.

मी चावी फिरवली, पहिला टाकला, गाडी उताराला लावली.

"क्लच लवकर सोडलास," मामा म्हणाले.